मैत्रीयात्रा (१९३५–३६)

मैत्रीयात्रा हा चार आफ्रिकी-अमेरिकन ख्रिस्ती प्रतिनिधींनी ऑक्टोबर १९३५ ते मार्च १९३६ या काळात सिलोन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या देशांत केलेला दौरा होय. या तिन्ही देशांत काम करणाऱ्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने त्यांना निमंत्रण दिले होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी संवाद साधणे हा दौऱ्याचा घोषित हेतू होता. धर्मोपदेशक व प्राध्यापक हॉवर्ड थर्मन हे शिष्टमंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन, मेथडिस्ट पाळक एडवर्ड कॅरोल आणि त्यांच्या पत्नी फिनोला कॅरोल हे अन्य तीन सदस्य होत. २१ फेब्रुवारी १९३६ रोजी तत्कालीन मुंबई इलाख्यातील बारडोली येथे शिष्टमंडळाची महात्मा गांधींशी भेट झाली. आफ्रिकी-अमेरिकन शिष्टमंडळाची गांधींशी झालेली ही पहिली भेट मानली जाते. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीने पुढे अहिंसक प्रतिकाराचा मार्ग स्वीकारला, त्याच्या पूर्वेतिहासात या यात्रेला महत्त्वाचे स्थान आहे.

नावाविषयी

त्या काळच्या कागदपत्रांत या गटाचा उल्लेख 'निग्रो शिष्टमंडळ' असा आढळतो. 'निग्रो' हा शब्द तेव्हा स्वतः थर्मन व त्यांचे समकालीनही वापरीत. आज तो अवमानकारक समजला जातो, म्हणून या लेखात 'आफ्रिकी-अमेरिकन' व 'कृष्णवर्णीय' असे शब्द योजले आहेत. गांधींनी रूढ केलेल्या 'हरिजन' या शब्दाचीही अशीच गत झाली. ज्यांच्यासाठी तो योजला, त्यांच्यापैकी अनेकांनी, विशेषतः आंबेडकरी चळवळीने, तो नाकारला. बारडोलीच्या चर्चेत या नावाचाही विषय निघाला होता.

पार्श्वभूमी

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. परंतु १८९६ च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेकडील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, रुग्णालये व स्मशाने यांतील वर्णभेदाला कायद्याचे पाठबळ मिळाले. गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांना पकडून ठार मारण्याचे प्रकार विसाव्या शतकातही चालू होते. देवाच्या घरातही विभागणी होती. गोऱ्यांची व काळ्यांची चर्चे निराळी असत आणि ख्रिस्ती तरुणांच्या वाय.एम.सी.ए. सारख्या संस्थांच्या शाखाही बहुधा वर्णानुसार वेगळ्या चालत.

महाराष्ट्रातील वाचकाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. म्हणजे शिष्टमंडळ येण्याच्या सहा दशके आधीच अमेरिकेतील गुलाम आणि येथील शूद्रातिशूद्र यांची सांगड मराठीत घातली गेली होती.

विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीपुढील अडचण निराळी होती. हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्म हा राज्यकर्त्यांचा, गोऱ्यांचा धर्म समजला जाई आणि राष्ट्रीय चळवळीच्या भरात महाविद्यालयीन तरुणांचा हा समज अधिक दृढ होत चालला होता. जे ख्रिस्ती आहेत पण गोरे नाहीत, आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या गोऱ्यांकडूनच ज्यांनी अन्याय सोसला आहे, अशांनी येथील विद्यार्थ्यांशी बोलावे, अशी कल्पना त्यातून पुढे आली. चळवळीचे सचिव ऑगस्टीन रल्ला राम यांनी ती लावून धरली.

कल्पनेला एक आधीचा धागाही होता. १९२८ च्या डिसेंबरात म्हैसूर येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाची बैठक भरली होती. तिला ज्युलिएट डेरिकॉट ही आफ्रिकी-अमेरिकन शिक्षणकार्यकर्ती उपस्थित होती. पुढे १९३१ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया राज्यातील डाल्टन गावाजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला. कृष्णवर्णीयांना तेथील रुग्णालयात प्रवेश नव्हता. शेवटी तिला दूरच्या चॅटानूगा शहरी हलविण्यात आले व तेथे तिचा मृत्यू झाला. स्यू बेली थर्मन यांनी यात्रेनंतर तिच्या नावाने आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थिनींना हिंदुस्थानात पाठविण्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, हे येथेच नमूद करणे योग्य होईल.

शिष्टमंडळ

हॉवर्ड थर्मन (१८९९–१९८१) यांचे बालपण फ्लोरिडातील डेटोना येथे गेले. त्यांची आजी नॅन्सी अँब्रोझ ही जन्माने गुलाम होती. तिला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून लहानगा हॉवर्ड तिला बायबल वाचून दाखवी. मात्र संत पौलाची पत्रे, एखादा अपवाद वगळता, ती वाचू देत नसे. मळ्यावरचा गोरा धर्मोपदेशक गुलामांना मालकाची आज्ञा पाळण्याचा उपदेश याच पत्रांच्या आधारे करी, हे तिचे कारण होते. थर्मन यांच्या पुढील साऱ्या विचाराचे बीज या आजीच्या नकारात शोधता येते.

मोरहाउस महाविद्यालय व रॉचेस्टर येथील धर्मविद्यालय यांत शिक्षण घेऊन ते बाप्टिस्ट पाळक झाले. १९३२ पासून ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे केंद्र असलेल्या या विद्यापीठाची मराठी लेखनात हार्वर्ड विद्यापीठाशी गल्लत होते. दोन्ही संस्था भिन्न आहेत. स्यू बेली थर्मन (१९०३–१९९६) यांनी विवाहापूर्वी वाय.डब्ल्यू.सी.ए. या संस्थेत काम केले होते. एडवर्ड कॅरोल पुढे १९७२ मध्ये मेथडिस्ट चर्चचे बिशप झाले.

निमंत्रण आले तेव्हा थर्मन यांनी ते लगेच स्वीकारले नाही. आपल्याच देशात वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती धर्माची वकिली परक्या देशात जाऊन करावी लागेल, ही त्यांची शंका होती. काळ्या माणसांनी यावे, भजने म्हणावीत आणि लोकांचे धर्मांतर करावे, अशी अपेक्षा असेल तर आपण त्या कामाचे नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तशी अपेक्षा नसल्याचा निर्वाळा मिळाल्यावरच ते राजी झाले.

कोलंबोतील प्रश्न

सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेले शिष्टमंडळ युरोपमार्गे २१ ऑक्टोबर रोजी कोलंबोस पोहोचले. तेथील विधी महाविद्यालयात थर्मन यांचे भाषण झाले. भाषणानंतर एका तरुण यजमानाने त्यांना एकीकडे नेऊन विचारले की, तुम्ही येथे कशासाठी आला आहात? तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पळविणारे ख्रिस्ती होते, त्यांना विकत घेणारे ख्रिस्ती होते. गुलाम वाहून नेणाऱ्या एका प्रसिद्ध जहाजाचे नावच 'जीझस' होते. आज तुमच्या लोकांना जाळून मारणारा जमावही ख्रिस्तीच आहे. असे असताना तुम्ही त्याच धर्माचे पाळक म्हणून हिंडता, तेव्हा तुम्ही जगातील साऱ्या कृष्णवर्णीयांशी द्रोह करीत आहात, असे आम्हाला वाटते.

प्रश्न विचारणारा उद्धट नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवे होते. दोघांचे संभाषण बराच वेळ चालले. थर्मन यांनी ख्रिस्ती धर्मसंस्थेचे समर्थन केले नाही. येशूचा धर्म आणि येशूविषयीचा धर्म यांत त्यांनी भेद केला. येशू हा रोमन साम्राज्याच्या टाचेखालील एका गरीब यहुदी घरातला मुलगा होता, आणि ज्यांची पाठ भिंतीला टेकली आहे त्यांनी जगावे कसे हाच त्याच्या शिकवणुकीचा विषय होता, असे त्यांचे म्हणणे होते. या विचाराची रूपरेषा त्यांनी १९३५ मध्येच प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आढळते. त्यामुळे सारा विचार कोलंबोत जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण हा प्रश्न त्यांची पाठ सोडणारा नव्हता. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाच्या आरंभीच हा प्रसंग येतो.

प्रवास

पुढील सुमारे साडेचार महिन्यांत शिष्टमंडळाने दक्षिण हिंदुस्थान, ब्रह्मदेश, बंगाल, उत्तर हिंदुस्थान, पंजाब व वायव्य सरहद्द प्रांत असा प्रवास केला. भेट दिलेल्या गावांची संख्या पन्नासाच्या आसपास जाते आणि एकट्या थर्मन यांची शंभराहून अधिक व्याख्याने झाली. शांतिनिकेतनात त्यांची रवींद्रनाथ टागोरांशी भेट झाली. मात्र तेथे त्यांच्या मनात घर करून राहिले ते क्षितिमोहन सेन यांच्याशी झालेले संभाषण. दोघे आपापल्या धर्माची ढाल पुढे धरून बोलू लागले आणि संभाषणाच्या शेवटी ती दोघांनीही खाली ठेवली, अशा आशयाचे वर्णन थर्मन यांनी केले आहे.

खैबर खिंडीजवळ उभे असताना, वर्ण व पंथ यांची अट नसलेली उपासनामंडळी अमेरिकेत उभी करता येईल काय, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या पाळकासमवेत तसे चर्च चालविण्यास घेतले. ते आजही चालू आहे.

बारडोली येथील भेट

गांधींना भेटण्याची इच्छा शिष्टमंडळाच्या मनात निघण्यापूर्वीपासून होती. १९३४ मध्ये मीराबेन अमेरिकेत गेल्या असता हॉवर्ड विद्यापीठात त्यांचे भाषण झाले होते व तेव्हापासून संपर्क जुळला होता. परंतु १९३५ च्या अखेरीस गांधींची प्रकृती ढासळली आणि भेट लांबणीवर पडत गेली. शिष्टमंडळ मुंबईत असताना गांधींचा निरोप आला. ते विश्रांतीसाठी बारडोलीस होते. पाहुण्यांना तेथे येणे जमत नसेल तर आपणच मुंबईस येऊ, अशी त्यांची तयारी होती. अर्थात तशी वेळ आली नाही. थर्मन दांपत्य व एडवर्ड कॅरोल रेल्वेने नवसारीस गेले. ही वाट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वसई, पालघर व डहाणूवरूनच जाते. नवसारीहून त्यांना मोटारीने बारडोलीस नेण्यात आले.

गांधी आपल्या निवाऱ्यातून बाहेर येऊन पाहुण्यांना सामोरे गेले. बरोबर असलेले महादेव देसाई यांना याचे नवल वाटले, कारण इतक्या वर्षांत त्यांनी गांधींना कोणाचे असे स्वागत करताना पाहिले नव्हते. नंतरची चर्चा सुमारे तीन तास चालली. तिचा वृत्तांत देसाई यांनी १४ मार्च १९३६ च्या 'हरिजन' मध्ये दिला. दुसरा वृत्तांत थर्मन यांच्या १९७९ च्या आत्मचरित्रातला आहे. पहिला ताजा पण संक्षिप्त आहे, तर दुसरा भरघोस असला तरी चार दशकांनंतरच्या आठवणीवर आधारलेला आहे. दोन्ही वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे लागते.

आरंभी प्रश्न गांधींनीच विचारले. गुलामगिरी कशी होती, मतदानाचा अधिकार कोणाला आहे, शाळा कशा चालतात, जमावाकडून होणाऱ्या हत्यांना आळा का बसत नाही, आंतरवर्णीय विवाह होतात काय, असे प्रश्न एकामागून एक आले. उलटतपासणीतही आपल्याला कोणी इतके खोलात जाऊन विचारले नव्हते, अशी थर्मन यांची आठवण आहे. गुलामांनी मालकांचा धर्म का स्वीकारला, ते मुसलमान का झाले नाहीत, असेही गांधींनी विचारले. इस्लाममध्ये गुलाम व मालक एका पंक्तीत प्रार्थनेला उभे राहू शकतात, हे त्यांच्या प्रश्नामागील कारण होते. कोलंबोच्या तरुणाचा आणि गांधींचा प्रश्न मुळात एकच होता.

त्यानंतर पाहुण्यांनी अहिंसेविषयी विचारले. अहिंसा हा शब्द नकारार्थी दिसला तरी ती एक कार्यशील शक्ती आहे आणि एकटा माणूसही ती आचरणात आणू शकतो, असे गांधींनी सांगितले. मग ती शक्ती इंग्रजांना घालविण्यास अद्याप का पुरी पडली नाही, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर विशेष आहे. जनतेच्या अंगी त्यासाठी लागणारे बळ उरलेले नाही, असे सांगून त्यांनी दोन कारणे दिली. पहिले कारण उपासमारीचे होते. दुसरे कारण स्वाभिमान गमावल्याचे होते, आणि या गमावण्याचा दोष त्यांनी परकीय राज्यकर्त्यांवर न टाकता हिंदू समाजातील अस्पृश्यतेवर टाकला.

चर्चेतील सर्वांत कठीण प्रश्न स्यू बेली थर्मन यांचा होता. माझ्याच भावाला माझ्या डोळ्यांदेखत जमावाने ठार मारले तर मी काय करावे, असे त्यांनी विचारले. गांधींनी आत्मसमर्पणाची भाषा वापरली. मारणाऱ्यांविषयी द्वेष बाळगू नये, पण त्यांच्याशी कोणतेही सहकार्य करू नये. त्यांचे अन्नही घेऊ नये, मग त्यात प्राण गेले तरी चालतील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर ऐकणाऱ्याला समाधान देणारे नाही. आपल्या उत्तराची अपुरी बाजू गांधींनाही जाणवत असावी, असे वृत्तांतावरून दिसते. अमेरिकेस येण्याचे निमंत्रण त्यांनी तूर्त नाकारले. जे येथे सिद्ध करता आले नाही ते तेथे जाऊन सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे कारण त्यांनी दिले.

निघण्यापूर्वी गांधींच्या विनंतीवरून पाहुण्यांनी दोन कृष्णवर्णीय भक्तिगीते म्हटली. त्यांतील एक येशूला क्रुसावर दिले त्या प्रसंगाचे होते. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडूनच जगाला मिळेल, असे उद्गार गांधींनी याच भेटीत काढल्याचे देसाई यांनी नोंदविले आहे. पुढे हे वाक्य भविष्यवाणी म्हणून वारंवार सांगितले गेले. मूळ संदर्भात ते एका आजारी माणसाने व्यक्त केलेल्या आशेसारखे वाचावे लागते.

चर्चेबाहेर राहिलेली बाजू

यात्रेच्या तारखा महाराष्ट्राच्या इतिहासाशेजारी ठेवल्या तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. शिष्टमंडळ कोलंबोस उतरण्याच्या आठच दिवस आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दार उघडले नव्हते. शिष्टमंडळ परतल्यानंतर दोन-अडीच महिन्यांत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अन्याय करणाऱ्या धर्मात राहून त्याला सुधारावे की त्यातून बाहेर पडावे, हा कोलंबोतील प्रश्न त्याच महिन्यांत मुंबई इलाख्यातील लाखो लोकांपुढे उभा होता. बारडोलीच्या चर्चेत अस्पृश्यतेचा विषय निघाला तो गांधींच्या तोंडून. ज्यांना ती भोगावी लागत होती त्यांच्यापैकी कोणाचा आवाज त्या वृत्तांतांत ऐकू येत नाही. यात्रेचे मूल्यमापन करताना ही उणीव नोंदविली पाहिजे.

वर्णभेद व जातिभेद एकच नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. आंबेडकरांनी जात म्हणजे वंशभेद हे मत सप्रमाण खोडून काढले होते. मात्र दोन्ही लढ्यांतील साम्य त्यांना मान्य होते. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविण्यासाठी त्यांनी १९४६ मध्ये विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदींनी उभारलेल्या दलित पँथरचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले आहे.

नंतरच्या भेटी

थर्मन यांच्या मागोमाग त्यांचे सहकारी बेंजामिन मेज व वाय.एम.सी.ए.चे चॅनिंग टोबायस हे म्हैसूर येथील जागतिक परिषदेच्या निमित्ताने आले आणि १९३७ च्या आरंभाच्या सुमारास वर्ध्याजवळ गांधींना भेटले. जातिव्यवस्थेवरच थेट घाव का घातला नाही, असे मेज यांनी गांधींना विचारले होते. याच दौऱ्यात एका अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून दिली. त्यांना आधी धक्का बसला. विचार केल्यावर मात्र ते वर्णन खरे असल्याचे त्यांना पटले. १९४० मध्ये ते मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि तेथेच मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) त्यांचे विद्यार्थी होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत ठळक नाव जेम्स लॉसन (१९२८–२०२४) यांचे आहे. लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून आलेला हा तरुण मेथडिस्ट १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात दाखल झाला. सुमारे तीन वर्षे त्यांनी तेथे विद्यार्थ्यांत धर्मकार्य केले, त्यांना खेळांचे प्रशिक्षण दिले आणि गांधीविचाराचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरी येथील बस-बहिष्काराची बातमी त्यांनी १९५५ च्या डिसेंबरात नागपूरच्याच एका इंग्रजी दैनिकात वाचली. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी गाठ पडली. नॅशव्हिल शहरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग चालविले. शिव्या, थुंकी व मार सहन करूनही उपाहारगृहातील आसन न सोडण्याचा सराव या वर्गांत करून घेतला जाई. १९६० च्या नॅशव्हिल सत्याग्रहातील विद्यार्थी याच वर्गांतून तयार झाले.

स्वतः किंग १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सपत्नीक भारतात आले. मुंबईत ते मणिभवन येथे राहिले होते. रस्त्यावर झोपणारी माणसे पाहून झालेली अस्वस्थता त्यांनी परतल्यावर लिहिलेल्या लेखात व्यक्त केली आहे.

थर्मन यांनी स्वतः मोर्चांचे नेतृत्व केले नाही आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. शिक्षक म्हणून मात्र त्यांचा प्रभाव मोठा होता. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या 'कोअर' या वर्णसमतेसाठी झटणाऱ्या संघटनेचे एक संस्थापक जेम्स फार्मर हे हॉवर्ड विद्यापीठातील त्यांचे विद्यार्थी होत. १९५३ ते १९६५ या काळात थर्मन बॉस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचे प्रमुख होते.

संबंधित स्थळे

मुंबईतील मणिभवन हे गावदेवी भागात असून तेथे गांधींविषयीचे संग्रहालय व ग्रंथालय आहे. ग्रँट रोड हे जवळचे स्थानक होय. कल्याण, डोंबिवली व ठाणे येथून जाणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. बारडोलीचा स्वराज आश्रम सुरत जिल्ह्यात आहे. दिवा–वसई मार्गाने वसई रोड गाठून तेथून नवसारी किंवा सुरतेस जाता येते. पुढील प्रवास रस्त्याने करता येतो. वर्ध्याजवळील ज्या शेगावात गांधी १९३६ च्या एप्रिलअखेर राहण्यास गेले, त्याचे नाव पुढे सेवाग्राम झाले, कारण बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होत असे. कल्याणहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या वर्ध्यावरून जातात. हिस्लॉप महाविद्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात आहे व आजही चालू आहे.